दोन व्हॉल्व्हचं कासव

हॉस्टेलच्या प्रत्येक विंगमध्ये हल्ली एखादा तरी रोबोट सापडतोच. रास्पबेरी पाय, त्यावर अल्ट्रासॉनिक सेन्सर, खाली दोन मोटर. आमचाही आहे. फेस्टच्या आदल्या रात्री तो कॉटखाली गेला आणि तिथेच भिंतीला धडका देत बसला. चारशे ओळींचा कोड लिहून ही गत! वैतागून वाचायला बसले, आणि ग्रे वॉल्टर भेटले.

विल्यम ग्रे वॉल्टर यांचा जन्म १९१० साली अमेरिकेत, कॅन्सस सिटीत झाला. लहानपणीच ते इंग्लंडला आले. केंब्रिजला शिकले, पण तिथली फेलोशिप काही मिळाली नाही. मग लंडनच्या हॉस्पिटलमध्ये ते मेंदूतल्या विजेचा अभ्यास करू लागले. डोक्याला इलेक्ट्रोड लावून, कवटी न उघडता ट्यूमरची जागा शोधता येते, हे त्यांनी १९३६ मध्ये दाखवलं. १९३९ पासून ते ब्रिस्टलच्या बर्डन न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमध्ये होते.

त्यांना एक प्रश्न छळत होता. मेंदूत अब्जावधी पेशी असतात, पण वागण्यातली गुंतागुंत त्यांच्या संख्येमुळे येते की जोडणीमुळे? मग त्यांनी दोनच पेशींचा प्राणी करून पाहिला. १९४८-४९ मध्ये, जुन्या घड्याळांची चाकं आणि युद्धातलं उरलंसुरलं सामान वापरून एल्मर आणि एल्सी ही दोन कासवं तयार झाली. प्रत्येकात पेशींच्या जागी दोन व्हॉल्व्ह, तीन चाकं, दोन मोटर, एक फोटोसेल. कोड नाहीच, कारण कॉम्प्युटरच नाही!

खरी गंमत जोडणीत आहे. फोटोसेल स्टिअरिंगच्या दांड्यावरच बसवलेला, म्हणजे पुढचं चाक जिकडे, डोळा तिकडे. अंधारात स्टिअरिंग गोल फिरत राहायचं आणि कासव वळणं घेत हिंडायचं. उजेड दिसला की स्टिअरिंग थांबायचं, कासव सरळ तिकडे निघायचं. फार जवळ गेलं की प्रखर उजेडाने ते बाजूला वळायचं. बॅटरी उतरली की मात्र सर्किटची संवेदनशीलता कमी व्हायची, तोच दिवा आता खुपायचा नाही, आणि कासव दिवा लावलेल्या आपल्या खुराड्यात शिरून चार्ज व्हायचं. कवच कशाला अडलं की एक स्विच बंद व्हायचा. मग उजेड विसरून ते ढकलत, वळत स्वतःची सुटका करून घ्यायचं. नेमकं हेच आमच्याला जमत नव्हतं.

१९५१ च्या फेस्टिव्हल ऑफ ब्रिटनमध्ये लोकांनी अशी कासवं पाहिली. पुढे ऑस्ट्रेलियातल्या रॉडनी ब्रुक्स नावाच्या मुलाने वॉल्टर यांचं पुस्तक वाचून ट्रान्झिस्टरचं कासव केलं. मोठेपणी त्याने स्थापन केलेल्या कंपनीतून २००२ मध्ये घर झाडणारा रूम्बा आला.

वॉल्टर यांचा शेवट मात्र चटका लावतो. १९७० मध्ये स्कूटरवर असताना उधळलेल्या घोड्याला चुकवताना अपघात झाला. जन्मभर मेंदूचा अभ्यास केलेल्या माणसाच्या मेंदूलाच जबर मार बसला. त्यातून ते पुरते सावरले नाहीत. १९७७ साली गेले. त्यांचं एक कासव लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये जपून ठेवलंय.

आम्ही रोबोटला पुढे एक साधा बंपर स्विच लावला आणि कोड साठ ओळींवर आणला. कॉटखाली तो अजून जातो, पण आपला आपण बाहेर येतो. येताना कधीकधी कुणाची तरी चप्पल ढकलत आणतो.