मोजणीचे ओझे हलके करणारे डॉ. सुखात्मे

सोयाबीन काढणीला आले की जालना जिल्ह्यात पीक कापणी प्रयोग सुरू होतात. सगळी शेते तोलणे अशक्य. म्हणून चिठ्ठ्या टाकल्यासारखी काही शेते निवडतात, त्यांत ठरावीक मापाचा तुकडा आखतात आणि तेवढेच पीक कापून, मळून तोलतात. त्यावरून परिसराचे सरासरी उत्पादन आणि पीकविम्याची भरपाई ठरते. या पद्धतीला शास्त्रीय बैठक देणाऱ्यांत डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे प्रमुख नाव.

सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ मध्ये त्यांचा जन्म झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून १९३२ मध्ये पदवी घेऊन ते लंडनला गेले आणि १९३६ मध्ये संख्याशास्त्रात पीएच.डी. झाले. १९४० मध्ये ते कृषी संशोधन परिषदेत रुजू झाले.

तेव्हा पिकाचा अंदाज बराचसा नजरेने बांधला जाई. मोजणी हवी होती, पण परवडणारी. तुकडा फार लहान घेतला तर कडेवरची रोपेही आत धरली जातात आणि उत्पादन फुगलेले दिसते, हे सुखात्मे यांनी प्रयोगांनी दाखवले. तुकडा पुरेसा मोठा ठेवावा आणि वेगळी यंत्रणा न उभारता महसूल व कृषी खात्याचेच कर्मचारी वापरावेत, हा मार्ग त्यांनी रुजवला.

हाच पेच आज संगणकापुढे आहे. बँकेचा डेटाबेस मंदावला आणि कारण शोधण्यासाठी प्रत्येक व्यवहाराच्या प्रत्येक टप्प्याची वेळ नोंदवली, तर नोंदींच्या भारानेच तो आणखी रखडतो. म्हणून ओरॅकलसारखी प्रणाली दर सेकंदाला, त्या क्षणी कोणती कामे चालू आहेत एवढेच टिपते. क्षणात संपणारे एखादे काम निसटते. पण वेळ खाणारे काम पुन्हा पुन्हा सापडते.

१९५१ ते १९७० सुखात्मे रोमला, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे प्रमुख होते. १९७१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. माणसाची ऊर्जेची गरज दिवसागणिक बदलते, त्यामुळे सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण कुपोषित नसतो, हे त्यांचे मत बरेच वादग्रस्त ठरले. १९९७ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले.

कमी मोजण्याला त्यांची एक अट होती: नमुना कोणाच्या सोयीने निवडायचा नाही. रस्त्याकडेचे भरघोस शेत निवडले, तर आतल्या कोरडवाहू शेतकऱ्याची भरपाई कागदावरच बुडते.