रँग्लर परांजपे : केंब्रिजचे फेलो, फर्ग्युसनचे आजीव सभासद

आमच्या लहानपणी गणितात पैकीच्या पैकी मार्क आणणाऱ्या मुलाला घरात आणि आळीत सरळ 'रँग्लर' म्हणूनच हाक मारत. रँग्लर म्हणजे नेमके काय, हे हाक मारणाऱ्यालाही ठाऊक नसे. केंब्रिजच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिल्या वर्गात आलेले ते रँग्लर आणि त्यांतला पहिला तो सीनियर रँग्लर. १८९९ साली तो मान बर्टविसल नावाच्या इंग्रज विद्यार्थ्याबरोबर विभागून रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांना मिळाला. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय.

जन्म १६ फेब्रुवारी १८७६, दापोलीजवळच्या मुर्डी गावी. घरची परिस्थिती बेताची. पुढे महर्षी म्हणून ओळखले गेलेले धोंडो केशव कर्वे हे त्यांचे नातेवाईक. शिकवण्या करून स्वतःचा संसार रेटणाऱ्या कर्व्यांनी या मुलाला शिक्षणासाठी आपल्या घरी आणले. आपल्याकडे त्या पिढीतली कितीतरी मुले अशी नातलगाच्या घरी राहून शिकली. फर्ग्युसनमधून पदवी घेतल्यावर सरकारी शिष्यवृत्तीवर रघुनाथराव १८९६ साली केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाले.

१९०१ मध्ये या कॉलेजाने त्यांना आपला फेलो निवडले. आपल्याकडे फेलोशिप म्हटले की विद्यार्थ्याला मिळणारे विद्यावेतन डोळ्यांपुढे येते. तिथली गोष्ट निराळी. केंब्रिजचे कॉलेज म्हणजे विद्यार्थी आणि अध्यापक एकाच आवारात राहतात, एकाच दालनात जेवतात अशी वसाहत. आणि फेलो हे तिचे खरे घरधनी. कारभार त्यांचा, नवे फेलो निवडायचे तेही त्यांनीच. जेवणाच्या दालनात त्यांचे टेबल वेगळे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेला पंचविशीतला तरुण त्या टेबलाशी हक्काने बसू लागला, तेही इंग्रजांच्या राज्यात. तिथेच राहून गणिताला वाहून घेतले असते, तर कुणी नाव ठेवले नसते.

पण पुण्यात तशीच आणखी एक मंडळी त्यांची वाट पाहत होती. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद हेही संस्थेचे घरधनीच. शिकवायचे त्यांनी, कारभार पाहायचा त्यांनी. फरक एवढाच, की इथे वीस वर्षे सेवेचे बंधन आणि पगार महिना ७५ रुपये. या सभासदांनी बाहेरची मिळकत घ्यावी की नाही, त्याग किती करावा, याच वादातून १८९० साली टिळक सोसायटीतून बाहेर पडले होते. गोखले त्याच बंधनात राहिले. परांजपे परत आले आणि आजीव सभासद झाले. १९०२ मध्ये ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले तेव्हा वय होते सव्वीस. सेंट जॉन्सचे फेलोपद १९०७ पर्यंत त्यांच्याकडेच होते. माणूस मात्र पुण्यात वर्गात उभा.

या निर्णयाची किंमत त्यांनी मोजली, हे स्पष्ट लिहिले पाहिजे. परांजप्यांच्या नावावर गणितातला एकही मोठा सिद्धांत नाही. उमेदीची वर्षे वर्ग, इमारती, वर्गण्या आणि सभा यांत गेली. गौरवलेखांत हे कुणी लिहीत नाही. गणिताचे नुकसान झाले, असे आम्हांला वाटते. त्याच वेळी फर्ग्युसनला मात्र दोन दशके असा प्राचार्य मिळाला, की ज्याच्यामुळे आपल्या मुलानेही रँग्लर व्हावे असे गावोगावच्या बापांना वाटू लागले. पुढे गणेश सखाराम महाजनी केंब्रिजहून रँग्लर होऊन आले, तेही फर्ग्युसनचेच प्राचार्य झाले.

कॉलेजच्या आवारातले त्यांचे घर नेहमी भरलेले असे. लेक शकुंतला हिची शाळेतली मैत्रीण इरावती करमरकर त्या घरात आली आणि घरचीच होऊन वाढली. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे त्या याच. कर्व्यांनी ज्या मुलाला घरी ठेवून शिकवले, त्याच्याच घरी वाढलेली मुलगी पुढे कर्व्यांची सून झाली!

परांजपे बुद्धिवादी होते. देवधर्म, मुहूर्त, ज्योतिष यांतले काहीच मानत नसत. राजकारणात नेमस्त, म्हणजे टिळकपक्षाच्या विरुद्ध बाजूचे. गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत अशा माणसाला जागा द्यावी का, असे आमच्यातल्या एका ज्येष्ठांनी विचारले. श्रीगणेश विद्येची देवता असल्याने त्याची हरकत नसावी, असे आम्ही धरून चाललो आहोत.

१९२१ मध्ये ते मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री झाले आणि त्यांच्याच कारकिर्दीत १९२३ चा प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. कर्व्यांच्या महिला विद्यापीठाचे पहिले कुलगुरूही तेच. नंतर लंडनला इंडिया कौन्सिल, १९३२ पासून सहा वर्षे लखनौ विद्यापीठाचे कुलगुरुपद, १९४४ ते ४७ ऑस्ट्रेलियात हायकमिशनर. नात सई परांजपे हिचे बालपणही काही काळ तिथे गेले. ऐंशीव्या वर्षी, १९५६ मध्ये, पुणे विद्यापीठाने त्यांना कुलगुरू म्हणून बोलावले, तर तेही काम त्यांनी तीन वर्षे केले.

आत्मचरित्र आले ते १९६१ मध्ये. त्याचे नाव क्रिकेटच्या भाषेत, चौऱ्याऐंशी नॉट आउट. खेळी आणखी पाच वर्षे चालली. ६ मे १९६६ रोजी, नव्वदी पार केल्यावर, ते गेले.