भाजलेल्या वैमानिकांचे मॅकिंडो

रोग आणि इजा यांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत, युद्धात विमान नष्ट झाल्यामुळे होणाऱ्या इजेला स्वतंत्र संकेतांक आहे : वाय ३६.१. पेटलेले, स्फोटात फुटलेले, शत्रूने पाडलेले, अशी सारी विमाने त्यात येतात. रुग्णालयाच्या दप्तराला एवढी नोंद पुरते. त्या विमानातून जिवंत बाहेर पडलेल्या माणसाने पुढे कसे जगायचे, हा प्रश्न मात्र ही आवृत्ती येण्याच्या अर्धशतक आधीच एका शल्यविशारदाने आपला मानला होता. ते म्हणजे सर आर्चिबाल्ड मॅकिंडो.

न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे ४ मे १९०० रोजी त्यांचा जन्म झाला. वडील मुद्रक, तर आई मेबल हिल चित्रकार. ओटागो येथे वैद्यकीय शिक्षण घेऊन ते अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये गेले आणि १९३० मध्ये लंडनला आले. तेथे अपेक्षित नोकरी मिळाली नाही. अखेर नात्यातले सर हॅरल्ड गिलिज यांनी त्यांना हाताशी घेतले. पहिल्या महायुद्धातील सैनिकांचे छिन्न चेहरे दुरुस्त करून गिलिज यांनी प्लास्टिक सर्जरीला आधुनिक रूप दिले होते. या विद्येचा एक धागा पुण्याशीही जुळतो. इंग्रज फौजेतील कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक टिपूच्या सैनिकांनी कापले होते. विटा पाडणाऱ्या समाजातील एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून ते पुन्हा घडवले. त्याचा सचित्र वृत्तान्त १७९४ मध्ये लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिनमध्ये छापून आला आणि युरोपातील शल्यविशारदांचे लक्ष या पद्धतीकडे वेधले गेले.

१९३८ मध्ये मॅकिंडो ब्रिटिश हवाई दलाचे सल्लागार झाले आणि युद्ध सुरू होताच ससेक्समधील ईस्ट ग्रिन्स्टेड या गावी क्वीन व्हिक्टोरिया रुग्णालयात दाखल झाले. लष्करी हुद्दा त्यांनी घेतला नाही. नागरिक राहिल्यास अधिकाऱ्यांशी भांडता येते, हा त्यांचा व्यवहारी हिशेब होता.

१९४० च्या उन्हाळ्यात हरिकेन आणि स्पिटफायर विमानांचे वैमानिक त्यांच्याकडे येऊ लागले. या विमानांत पेट्रोलची टाकी वैमानिकाच्या पुढ्यातच असे. तिला गोळी लागली की ज्वाळा थेट त्याच्या अंगावर येत. पकड नीट बसावी म्हणून हातमोजे काढलेले आणि नीट दिसावे म्हणून चष्मा वर सरकवलेला असला, तर हात आणि डोळे आधी जळत. विशी-बाविशीतल्या पोरांच्या जखमा इतक्या सारख्या होत्या, की वैमानिकाचे भाजणे अशी वेगळी ओळखच रूढ झाली.

त्या काळी भाजलेल्या भागावर टॅनिक आम्ल लावत. त्याने जखमेवर कडक कवच तयार होई. छोट्या जखमांत ते चालून जाई. पण हाताची बोटे त्याखाली आखडून निकामी होत, पापण्या ओढल्या जाऊन डोळे मिटेनासे होत आणि दृष्टीच धोक्यात येई. समुद्रात उतरलेल्या वैमानिकांच्या जखमा अधिक चांगल्या भरतात, हे मॅकिंडो यांच्या लक्षात आले. त्यांनी कोमट मिठाच्या पाण्यात स्नान घालण्याची पद्धत सुरू केली आणि चेहऱ्यावर व हातावर टॅनिक आम्ल वापरणे बंद व्हावे म्हणून वरिष्ठांकडे लकडा लावला. ते बंद झाले. निरीक्षण साधे, पण डोळे उघडे ठेवल्याशिवाय सुचणारे नव्हे.

शस्त्रक्रियांचे काम संथ होते. आधी पापण्या, मग नाक, ओठ. पोटाची किंवा खांद्याची कातडी नळीसारखी गुंडाळून तिचे एक टोक जागीच ठेवायचे आणि दुसरे चेहऱ्याकडे न्यायचे, म्हणजे रक्तपुरवठा तुटत नसे. एकेका माणसावर दहा, वीस, कधी त्याहूनही अधिक शस्त्रक्रिया होत. त्यात वर्षे जात. नव्वद दिवसांत कामावर परतू न शकणाऱ्याला सेवामुक्त करण्याचा नियम होता. तो बदलावा म्हणून मॅकिंडो भांडले.

तिसऱ्या क्रमांकाचा वॉर्ड हा खरे तर एक लाकडी बराक. तेथे हुद्द्याचा भेद नव्हता, रुग्णालयाच्या ठरावीक कपड्यांऐवजी गणवेश चाले आणि बिअरचे पिंप हाताशी असे. एवढ्यावर न थांबता त्यांनी गावकऱ्यांना विश्वासात घेतले. या पोरांना घरी बोलवा, नाटक-सिनेमाला न्या, पण टक लावून पाहू नका, हे त्यांनी घरोघरी पोहोचवले. गावाने ते मनापासून पाळले. वॉर्डातील या मोकळेपणाचा जाच परिचारिकांना सोसावा लागला, हेही नोंदवायला हवे.

जुलै १९४१ मध्ये रुग्णांनी गिनीपिग क्लब स्थापन केला. आरंभी सभासद होते ३९, युद्धाअखेर ६४९. पुढे त्यांत लढाऊ विमानांपेक्षा बॉम्बर विमानांतील माणसे अधिक झाली. पाय भाजलेल्या सभासदाला खजिनदार केले, कारण तो पैसे घेऊन पळू शकणार नव्हता. बोटे भाजलेल्याला चिटणीस केले, कारण त्याला लांबलचक इतिवृत्त लिहिता येणार नव्हते. अध्यक्ष मॅकिंडो. ते हुकूमशहासारखे वागत आणि पटकन चिडत. सहकाऱ्यांना त्यांचा धाक वाटे. पहिले लग्नही टिकले नाही. आपल्या रुग्णांना मात्र ते युद्धानंतरही नोकऱ्या मिळवून देण्यासाठी शब्द टाकत राहिले.

१९४७ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. ११ एप्रिल १९६० रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. सेंट क्लेमेंट डेन्स या हवाई दलाच्या चर्चमध्ये त्यांच्या अस्थी ठेवल्या गेल्या. नागरिकाला क्वचितच मिळणारा हा मान आहे. क्लबचे वार्षिक मेळावे २००७ पर्यंत भरत राहिले. २०१४ मध्ये ईस्ट ग्रिन्स्टेडमध्ये त्यांचा पुतळा उभारला गेला. त्यात एक भाजलेला वैमानिक खुर्चीत बसला आहे आणि मागे उभ्या असलेल्या मॅकिंडो यांचे हात त्याच्या खांद्यांवर आहेत. तो घडवणाऱ्या अँजेला कॉनर यांचे वडील मॅकिंडो यांचे रुग्ण होते.