सर विल्यम हगिन्स

विल्यम हगिन्स यांचा जन्म ७ फेब्रुवारी १८२४ रोजी लंडन शहरात झाला. घरचे रेशमी कापडाचे दुकान होते. त्यांना कॉलेजात शिकायचे होते, पण दुकान सांभाळावे लागले. दिवसा दुकान आणि रात्री दुर्बीण! मग त्यांनी दुकान विकून टाकले आणि १८५६ साली टल्स हिल येथे घराजवळच वेधशाळा बांधली. शेजारी मिलर नावाचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक राहत. दोघे मिळून ताऱ्यांचा उजेड तपासू लागले.

धूमकेतूला माझी आजी शेंडेनक्षत्र म्हणते. ते दिसले की राजा मरतो, दुष्काळ पडतो, असे पूर्वी लोकांना वाटे. विलायतेतले लोकसुद्धा घाबरत बरं का! पण ते कशाचे बनले आहे हे कसे कळणार? तिथे तर जाता येत नाही. लोलकातून ऊन गेले की रंग वेगळे होतात. प्रत्येक पदार्थाच्या उजेडातले रंगाचे पट्टे ठरलेले असतात. गॅसच्या निळ्या जाळावर मिठाचे पाणी उतू गेले की जाळ पिवळा होतो. मी आमच्या घरी पाहिले आहे. तो पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा.

१८६४ साली इटलीच्या दोनाती यांना धूमकेतूच्या उजेडात तीन पट्टे दिसले, पण ते कशाचे ते कळेना. १८६८ साली विनेके यांचा धूमकेतू आला. हगिन्स यांनी दुर्बिणीला लोलकाचे यंत्र लावले. जवळच एका नळीत कार्बन असलेला वायू सोडून त्यात विजेची ठिणगी पाडली. धूमकेतूचे पट्टे आणि ठिणगीचे पट्टे शेजारी शेजारी धरले, तर ते जुळले! म्हणजे शेंडेनक्षत्रात कार्बन आहे. आपल्या चुलीतल्या कोळशात असतो तोच. मला ही गोष्ट फार आवडली.

त्यांच्या पत्नी मार्गारेट याही आकाश बघत. लग्नानंतर दोघे मिळून काम करीत. १८८१ साली हगिन्स यांनी धूमकेतूच्या वर्णपटाचा फोटो काढला. त्यात सायनोजेन सापडला. हा वायू विषारी आहे.

१९१० साली हॅलेचा धूमकेतू आला. त्यातही सायनोजेन सापडला. मे महिन्यात पृथ्वी त्याच्या शेपटीतून जाणार अशी बातमी आली आणि विषाने सगळे मरणार म्हणून कितीतरी लोक घाबरले. त्याच दिवसांत, १२ मे रोजी, हगिन्स वारले. ते ८६ वर्षांचे होते. १९ मे उजाडला, पण कोणाला काही झाले नाही. शेपटी इतकी विरळ असते की तिच्यातून पलीकडचे तारेसुद्धा दिसतात.