कै. पांडुरंग पिसुर्लेकर आणि दप्तरातील आपले पूर्वज

सोळाव्या शतकात तिसवाडी, बारदेश व साष्टी येथील देवालये उद्ध्वस्त झाली. कुलदेवतांना घेऊन आपले पूर्वज रातोरात नदीपार गेले. त्या धावपळीत मूर्ती वाचल्या. घरोघरच्या कागदपत्रांची मात्र आबाळ झाली. म्हणूनच जुन्या पुरुषांचा शोध घेऊ पाहणाऱ्या महाजन घराण्यास, ज्यांनी देवालये पाडली त्यांच्याच दप्तराकडे वळावे लागते. त्या दप्तराची वाट सर्वांसाठी मोकळी करून देणारे विद्वान म्हणजे कै. पांडुरंग सखाराम शेणवी पिसुर्लेकर.

त्यांचा जन्म सत्तरी महालातील पिसुर्ले गावी 30 मे 1894 रोजी झाला. 1931 पासून 1961 पर्यंत गोव्याच्या सरकारी दप्तरखान्याची धुरा त्यांच्याकडे होती. हा दप्तरखाना 1595 साली स्थापन झाला व इतिहासकार दियोगु द कोउतु हा त्याचा पहिला रक्षक. लिस्बन व गोवा यांमधील पत्रव्यवहार मोसमी वाऱ्यांबरोबर गलबतांतून ये-जा करी, म्हणून त्याच्या बुकांना ‘मोंसोंइश’ असे नाव पडले. शेजारच्या राजांशी झालेल्या पत्रव्यवहाराची बुके निराळी. ही जुनी, गुंतागुंतीची लिपी वाचण्यात पिसुर्लेकरांनी आयुष्य वेचले.

लिपी उलगडली तरी नावे ओळखणे सोपे नव्हते. पोर्तुगेज लेखनिकाने शेणवीचे ‘सिनाय’, कामताचे ‘कामोतीं’, प्रभूचे ‘पोरोब’ व कोठाऱ्याचे ‘कोतारी’ केले होते. आपलाच पणजोबा अशा परक्या वेषात पुढे उभा राहिला तर कोण ओळखणार! मराठी व पोर्तुगेज या दोन्ही भाषांत सारखीच गती असणाऱ्या पुरुषाचेच हे काम होते.

1952 साली बस्तोडा येथील रांगेल छापखान्यातून त्यांचा पोर्तुगेज मुत्सद्देगिरीच्या हस्तकांवरील ग्रंथ निघाला. पोर्तुगेजांच्या वतीने देशी दरबारांत गेलेल्या हिंदू, मुसलमान, यहुदी व पारशी वकिलांची व दुभाषांची त्यात हकीकत आहे. 1667 मध्ये शिवाजी महाराजांनी बारदेशावर स्वारी केल्यानंतर तहाची बोलणी करण्यास पोर्तुगेजांकडून गेलेले रामोजी शेणवी कोठारी त्यांपैकीच एक.

वंशाचा अभिमान बाळगणाऱ्यास ही गोष्ट पचण्यास जड आहे. आपला पूर्वज मराठ्यांच्या सैन्यात सापडावा असे कोणास वाटणार नाही? सापडतो तो व्हाइसरॉयच्या पदरी. पिसुर्लेकरांनी हे झाकले नाही व त्यावर मुलामाही चढविला नाही. हे त्यांनी योग्यच केले असे म्हणावे लागेल; कारण ज्या राज्यात उघडपणे देवपूजा करण्यास बंदी होती, त्याच राज्याचे राजकारण आपल्या माणसांवाचून चालत नव्हते, हे त्या कागदांवाचून कळले नसते.

त्यांनी संपादिलेले राज्य-सल्लागार मंडळाच्या ठरावांचे पाच खंड 1953 ते 1957 या काळात प्रसिद्ध झाले. ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा मराठी ग्रंथ पुणे विद्यापीठाने 1967 साली काढला. पोर्तुगेज न जाणणाऱ्या वाचकांनी आरंभ करावा तो येथूनच.

10 जुलै 1969 रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचा ग्रंथसंग्रह गोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. आपल्या कुळाचा शोध घेण्यास दप्तरखान्यात जाणाऱ्याने ‘सिनाय’, ‘पोरोब’ ही रूपे आधी टिपून न्यावीत.