जुनी स्पोर्ट्स कार चालू होत नसेल तर मेकॅनिक ज्या गोष्टी तपासतो, त्यामागे हा एकच माणूस आहे

इंग्लंडमध्ये 1962 ते 1980 या काळात एमजीबी नावाची दोन सीटची स्पोर्ट्स कार बनायची. हौशी लोक ती आजही जपून ठेवतात. पण जुनी गाडी म्हटलं की एखाद्या सकाळी रुसणारच. अशा वेळी जाणकार मेकॅनिक पाना हातात घ्यायच्या आधी एकच प्रश्न विचारतो. चावी मारल्यावर इंजिन फिरतंय का?

फिरतच नसेल तर बॅटरी, तिचे टर्मिनल, अर्थिंगची वायर, सोलेनॉइड आणि शेवटी स्टार्टर बघायचा. सुरुवातीच्या एमजीबीत सीटच्या मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असायच्या, त्यामुळे गंजायला जागा पण दुप्पट.

इंजिन फिरतंय पण पकडत नाही, असं असेल तर प्लगला करंट येतोय का ते बघायचं. नसेल येत तर डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढायचं आणि पॉइंट जळलेत का, त्यांच्यातली फट बरोबर आहे का ते तपासायचं. बऱ्याच एमजीबींमध्ये ही फट 0.35 ते 0.40 मिलीमीटर ठेवतात. तेवढ्याशा फटीवर अख्खी गाडी अडते. करंट चांगला असेल तर मग मोर्चा पेट्रोलकडे वळवायचा.

विषय असा आहे की, इलेक्ट्रिक स्टार्टर असो की ही पॉइंट-कॉइलची सिस्टीम, दोन्ही गोष्टी मोटारीत रुळवल्या त्या एकाच माणसाने. त्याचं नाव चार्ल्स केटरिंग.

केटरिंगचा जन्म 29 ऑगस्ट 1876 चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातला. शेतकऱ्याच्या घरातला पोरगा, हुशार, पण डोळे अधू. डोळ्यांच्या त्रासामुळे त्याला कॉलेज मध्येच सोडावं लागलं. मग काही काळ त्याने टेलिफोनचे खांब रोवायचं, तारा ओढायचं काम केलं. पुन्हा कॉलेजला गेला आणि 1904 साली इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाला.

पहिली मोठी नोकरी लागली डेटन शहरात, दुकानातली गल्ल्याची मशीन बनवणाऱ्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत. तिथे त्याने हाताने फिरवायच्या गल्ल्याला इलेक्ट्रिक मोटर बसवली. गल्ल्याला मोटर लागते ती क्षणभर, दिवसभर नाही. त्यामुळे छोट्याशा मोटरवर थोडा वेळ तिच्या कुवतीपेक्षा जास्त ताण दिला तरी चालतं, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं राहिलं.

नोकरी चालू असतानाच एडवर्ड डीड्स या सहकाऱ्याच्या घरामागच्या कोठारात रात्रीचे उद्योग सुरू झाले. तिथे इग्निशनची नवी सिस्टीम तयार झाली आणि कॅडिलॅकने एकदम 8000 सेटची ऑर्डर दिली. मग 1909 साली कंपनी निघाली, डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी. आद्याक्षरं जोडली की होतं डेल्को. आपल्याकडच्या गॅरेजमध्ये मारुती 800 च्या डिस्ट्रिब्युटरला डेल्को म्हणतात, तो शब्द याच कंपनीचा.

त्या काळी गाडी चालू करायची म्हणजे पुढे उभं राहून हँडल मारायचं. इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडायचं. मोटार बनवणाऱ्या बायरन कार्टर नावाच्या माणसाला असाच झटका बसला आणि 1908 साली तो त्यात गेला, असा किस्सा सांगतात. त्याने हळहळलेल्या कॅडिलॅकच्या हेन्री लेलँडने हँडलचा बंदोबस्त करायचं मनावर घेतलं म्हणे. किस्सा किती खरा यावर वाद आहेत, पण मनगटं मोडायची हे मात्र खरं होतं.

इंजिन फिरवायचं तर मोटरही इंजिनाएवढीच लागेल, असं तेव्हाच्या इंजिनिअर लोकांचं मत होतं. केटरिंगला मात्र गल्ला आठवत होता. त्याने छोटी मोटर लावली आणि गाडी चालू झाली की तीच मोटर जनरेटर बनून बॅटरी चार्ज करेल, अशी सोय केली. 1911 मध्ये हे जमलं आणि 1912 च्या कॅडिलॅकमध्ये ते बाजारात आलं.

इथपर्यंत सगळं छान. पण पुढे गाड्यांची इंजिनं चढावर ठकठक वाजायला लागली, ज्याला नॉकिंग म्हणतात. लोकांनी खापर फोडलं केटरिंगच्या इग्निशनवर. ते त्याला पटेना. त्याने थॉमस मिजली या आपल्या माणसाला शोध घ्यायला लावलं आणि दोष पेट्रोलच्या जळण्यात आहे हे समोर आलं. निदान अचूक होतं, पण औषध भयंकर निघालं. डिसेंबर 1921 मध्ये त्यांना शिशाचं एक संयुग सापडलं आणि 1923 पासून ते पेट्रोलमध्ये मिसळून विकायला सुरुवात झाली. पुढच्याच वर्षी न्यू जर्सीतल्या एका कारखान्यात हे संयुग बनवणारे पाच कामगार विषबाधेने गेले. अल्कोहोल मिसळूनही नॉकिंग कमी होतं, हे या टीमला माहीत होतं. तरीही केटरिंग शिशाच्याच बाजूने राहिला. माझ्या मते त्याच्या आयुष्यातला हा सगळ्यात काळा भाग.

पुढे 1947 पर्यंत तो जनरल मोटर्सच्या संशोधनाचा प्रमुख होता. न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग या कॅन्सर संशोधन संस्थेतलं केटरिंग म्हणजे हाच. 25 नोव्हेंबर 1958 ला तो गेला. शिशाचं पेट्रोल भारतात बंद व्हायला 2000 साल उजाडलं.

आता पुन्हा त्या एमजीबीकडे येऊ. करंट आहे, पेट्रोल येतंय, तरी गाडी पकडत नाही, तर मेकॅनिक कॉम्प्रेशन मोजतो. तिच्या इंजिनातल्या व्हॉल्व्हच्या बैठका शिशाच्या पेट्रोलच्या हिशोबाने बनलेल्या. शिसं जळून त्यांच्यावर जो थर बसायचा, त्याने त्या झिजायच्या नाहीत. बिनशिशाच्या पेट्रोलवर गाडी दामटली की बैठका झिजतात, व्हॉल्व्हची फट संपते, दाब गळतो आणि गाडी सकाळी उठत नाही. अशा वेळी हेड उतरवून कडक धातूच्या नव्या बैठका बसवाव्या लागतात.