रविवार मिळवून देणारे रावबहादूर

आज रविवार. चहाचा घोट घेत निवांतपणे पुरवणी चाळताना, ही सुटी कष्टकऱ्यांच्या वाट्याला कोणी आणली, हा प्रश्न सहसा आपल्या मनात येत नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना ती मिळवून दिली नारायण मेघाजी लोखंडे यांनी.

लोखंडे यांचा जन्म १८४८ सालचा, ठाण्यातला. मांडवी गिरणीत ते स्टोअरकीपर होते. उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत चालणारी यंत्रे, हवेत तरंगणारे कापसाचे तंतू, घास घशाखाली उतरवायलाही न मिळणारी उसंत, हे सारे त्यांनी रोज पाहिले. महात्मा फुल्यांचे हे सहकारी १८८०पासून मुंबईत ‘दीनबंधू’ पत्र चालवीत.

सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळला कामगारांच्या सभा भरवल्या. साडेपाच हजार सह्यांच्या अर्जात आठवड्याची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार आणि अपघातात भरपाई मागितली होती. ना वर्गणी, ना नियमावली. तरी ही कामगारांची पहिली संघटना ठरली. १८९० साली महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले. दोन स्त्रियाही बोलल्या. त्याच जूनमध्ये मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. १८९१च्या कायद्याने स्त्रियांचे काम अकरा तासांवर आणि मुलांचे सात तासांवर आणले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. लाखो लोक गावाकडे पळाले. मालकांना गिरण्या चालू हव्या होत्या, कामगारांना जीव वाचवायचा होता. इस्पितळाची धास्ती तर इतकी, की ऑक्टोबरअखेर गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावरच हल्ला केला.

रावबहादूर किताब मिळालेल्या लोखंड्यांना शहर सोडणे अवघड नव्हते. पण ते राहिले. रुग्णांची सेवा आणि त्यांच्यासाठी इस्पितळ उभारण्याची खटपट करतानाच प्लेगने त्यांना गाठले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. ९ तारखेला लोखंडे गेले. पन्नाशीही उलटली नव्हती. महिन्याभराने पुण्यात सावित्रीबाईही त्याच साथीत गेल्या.

२००५ साली टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. परंतु त्यांचे खरे स्मारक आहे दुपारचा तो अर्धा तास आणि हा रविवार. कामगाराचे आरोग्य ही मेहरबानी नव्हे, हक्क आहे, हे त्यांनी आयुष्यभर मांडले आणि साथीच्या दिवसांत त्यासाठी प्राणही दिले.